शून्य किती?

हवालदार मशीनसमोर उभा राहताना बूट काढायचा. खाली लोखंडाचा कीस पडलेला, तो तळपायात घुसायचा, आणि हा शहाणा एका पायावर उभा राहून तो उपटत बसायचा. देवघरात शिरल्याचा आव आणायचा नुसता! पहिल्या दिवसापासूनच मला त्याचा तिटकारा आला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साताऱ्यातल्या आमच्या कारखान्याच्या मालकांनी परदेशातून आकड्यांवर चालणारा, लोखंड कातायचा जुना लेथ आणला. आताच्या संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचा आजोबाच म्हणा. त्याचा हुकमांची भोकं पाडलेली टेप वाचणारा भाग वाटेतच मोडला होता. म्हणून प्रत्येक हुकूम हातानं भरावा लागे. एक भरायचा, हिरवं बटण दाबायचं, तेवढं काम झालं की पुढचा.

हवालदार माण तालुक्यातला, लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. इंग्रजी वाचताना त्याला घाम फुटायचा, पण मशीनचं पुस्तक मात्र ट्रंकेत कुलूप लावून ठेवायचा. मी कुंडलचा, आयटीआय करून सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेला. पुस्तक मागितलं की म्हणायचा, "तुज्या आयटीआयनं शिकवलं न्हाई व्हय रं?" आणि मिशीत हसायचा. कोत्या मनाचा माणूस!

त्याचं एक खूळ होतं. त्या मशीनला दशांशचिन्ह कळत नसे. एक मिलिमीटर सरकवायचं तर हजार भरायचे. त्यामुळे बटण दाबण्याआधी हा कवायतीसारखा ओरडायचा, "शून्य किती?" मी काचेवरचे लाल आकडे बघून तेवढ्याच मोठ्यानं सांगायचं, "तीन!" मग हुकूम, "दाब!" दिवसातून शंभरदा. पलीकडच्या लेथवरचे गडी चिडवायचे, "काय रं, पाढं पाठ झालं का न्हाई?" मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

मला कायम करायचा आठवडा आला. कुंडलला आईला टाकायचं पत्र मनात लिहूनही झालं होतं. त्याच आठवड्यात मुंबईचे पाहुणे मशीन बघायला आले. त्या दिवशी हवालदाराच्या पायात बूट होते, चांगले पॉलिश केलेले. मालक पाहुण्यांना घेऊन आत आले तेव्हा त्यानं हुकूम भरून ठेवला होता. मी विचारलं, "शून्य?"

"पावन्यांम्होरं काय बोंबलतोस येड्या? दाब!" तो दात खाऊन कुजबुजला.

मी दाबलं. कापायचं टूल पाच मिलिमीटर सरकायचं ते पन्नास सरकलं आणि लोखंड पकडून गरगरणाऱ्या चकवर आदळलं. पाहुणे भिंतीपर्यंत पळाले.

"आकडा कुणी भरला?" मालकांनी विचारलं.

"ह्यानं, साहेब," हवालदार म्हणाला, स्वतःच्या बुटांकडे बघत.

मी ओरडून ओरडून खरं सांगितलं. पण बटणावर बोट माझं होतं. संध्याकाळी मला कामावरून काढलं.

एसटी स्टँडवर हा माझा विसरलेला डबा घेऊन आला. माफी मागेल असं वाटलं. डबा हातात देऊन घसा खाकरला आणि म्हणाला, "शून्य मोजत जा गड्या." हलकटाला एवढंच सुचलं! मी त्याच्या बुटांसमोर थुंकलो आणि गाडीत चढलो.

आता सांगलीत माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. माझ्या मशीनना दशांशचिन्ह कळतं. तरी नवा माणूस हुकूम भरायला लागला की मी ओरडतोच, "शून्य किती?" त्या दिवशीही लाल आकडे माझ्या डोळ्यांसमोर होते, तीनच्या जागी चांगली चार शून्यं, आणि मी ती मोजली नाहीत. ही सवय कुणी लावली, असं माणसं विचारतात. होता एक हवालदार, एवढंच सांगतो. त्याचं नाव मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. इथेही लिहिणार नाही.