उचलता येईल एवढं कॅबिनेट

मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हापासून फोनवर आमचं बोलणं चार मिनिटांच्या पुढे जात नाही. जेवलीस का, बरी आहेस ना, आईला देतो. रविवारी सकाळी नऊ ते अकरा मात्र आम्ही दोघं कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम खेळतो, ती तिथून, मी महाडहून, कानाला हेडफोन लावून. त्या दोन तासांत ती बोलते. दोघांची नजर रस्त्यावर असली की तिला सोपं जात असावं.

यंदा गेममध्ये नवा डोंगराळ भाग आला आणि माझा ट्रक अडखळायला लागला. दर वळणाला चित्र थांबायचं. "पप्पा, परत थिजलात. मी पुढे जाऊन थांबते," असं ती दोन-तीन रविवार म्हणाली. मग एका रविवारी साडेनऊलाच म्हणाली, "राहू दे पप्पा, तुम्हाला त्रास होतोय. ऑफिसमधले बोलावतायत, त्यांच्याबरोबर एक फेरी मारते."

त्या आठवड्यात माझं कशात लक्ष लागेना. जास्तीत जास्त वीस हजार घालायचे, एवढं ठरवलं होतं. कशावर घालायचे ते ठरत नव्हतं.

बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरवाल्याने क्षणभरही विचार केला नाही. "काका, ग्राफिक्स कार्ड बदला. विषय संपला."

कार्ड साडेएकोणीस हजारांचं. मी विचारलं, "आत्ताचा पॉवर सप्लाय त्याला पुरेल?"

"पुरायला पाहिजे."

"पुरेल, की पुरायला पाहिजे?"

तो हसला. "काका, तुम्ही एमआयडीसीत स्टोअरला ना? तरीच. बरं, सप्लायचे चार हजार वेगळे धरा."

म्हणजे बजेटच्या बाहेर. मेमरी वाढवावी तर तिचे भाव चढलेले. जुनं कार्ड घ्यावं तर त्याची हमी कोण देणार? पोलादपूरला मेहुणीकडे जाताना एसटीत मी तिकिटाच्या मागे चार पर्याय मांडले, येताना खोडले. बायको म्हणाली, "एवढा विचार पोरीच्या लग्नाचा करा."

शेवटी मोजायला बसलो. सेकंदाला पडद्यावर किती चित्रं येतात ते गेमच्या कोपऱ्यात दिसतं. दर पाच मिनिटांनी तो आकडा लिहिला. सकाळी आठला बसलो तर सुरुवातीला बावन्न, अर्ध्या तासाने चव्वेचाळीस. नऊला बसलो तर पंधरा मिनिटं ठीक, मग थेट बावीस. कार्ड तेच, गेम तोच, रस्ता तोच. मग तपमान दाखवणारा प्रोग्राम लावला. सव्वानऊनंतर प्रोसेसर शहाण्णव अंशांवर होता. मशीन अशक्त नव्हतं, भाजत होतं.

आणि भाजणारच. आमच्या घरात पाण्याने बिघडेल असं काहीही, गेल्या पुराने भिंतीवर सोडलेल्या रेघेखाली राहत नाही. कागदपत्रं, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, सगळं पोटमाळ्यावर. कॉम्प्युटरचं कॅबिनेटही मीच तिथे चढवलं होतं आणि लांब वायरी आणून खाली टेबलापर्यंत ओढल्या होत्या. पाहुण्यांना ती सोय मी कौतुकाने दाखवायचो. त्या कॅबिनेटच्या वर दीड हातावर पत्रा आहे, आणि उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली पापड वाळतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

प्रयोग म्हणून ते खाली टेबलावर ठेवलं. भर दुपारी सेकंदाला एकेचाळीस चित्रं. एक पैसा न घालता.

बायको दारात उभी राहून बघत होती. "हे इथेच ठेवणार?"

"निदान पावसापर्यंत."

"आणि मग विसरणार. तुम्ही कामावर, पाणी दुपारी येणार, आणि मी एकटी काय काय उचलू? गेल्या खेपेला गॅसची शेगडी राहिली होती खाली, तुमचं ते खोकं तर मला हलतही नाही."

तिचा गुडघा दुखतो, आणि पोटमाळ्याला शिडी आहे. दोन दिवस कॅबिनेट कधी वर, कधी खाली. मग मी वाण्याकडचा वजनकाटा मागून आणला. कॅबिनेट अकरा किलो चारशे. पाण्याने भरलेली कळशी ती आजही उचलते. तीही काट्यावर ठेवली. आठ किलो दोनशे.

दुकानदाराला म्हटलं, "आठ किलोंच्या आत बसलं पाहिजे, आणि वर धरायला हँडल हवं."

"काका, हँडलला कोण पैसे घालतं? त्याने गेम फास्ट होत नाही."

"माझा होतो."

त्याने डोक्याला हात लावला, पण कॅटलॉग काढला. पातळ पत्र्याचं छोटं कॅबिनेट, प्रोसेसरवर चांगला पंखा, मेमरीची आणखी एक पट्टी. सगळे मिळून तेरा हजार सहाशे. सगळा माल बसवून झाल्यावर वजन केलं, सात किलो शंभर. कार्ड जुनंच ठेवलं. बायकोने पदर खोचला, हँडल धरलं आणि शिडीच्या चार पायऱ्या चढून वर ठेवलं. मग उतरवून पुन्हा टेबलावर आणलं. "हे जमतं," म्हणाली. "पण वायरी तुम्ही सोप्या करा. घाईत मला ते स्क्रू फिरवायला सांगू नका." वायरींना मी रंगीत चिकटपट्ट्या लावल्या.

पुढच्या रविवारी मी नऊला पाच कमी असतानाच बसलो. मुलगी आली. पहिला घाट चढलो, उतरलो, दुसरा चढलो. दहा वाजले तरी आकडा अडतीसच्या खाली गेला नाही.

"आज तुम्ही अडकत नाही आहात," ती म्हणाली.

"नाही."

तिसरा घाट चढून माथ्यावर आलो. मग ती म्हणाली, "पप्पा, मी राजीनामा दिलाय. तीन रविवार सांगायचं होतं. सुरुवात केली की तुम्ही अडकायचात, मग राहून जायचं."

"दुसरी नोकरी हातात आहे?"

"नाही."

भाडं किती, शिल्लक किती, किती महिने पुरेल, हे सगळं एकदम तोंडाशी आलं. समोर उतार होता. मी गिअर खाली घेतला आणि म्हटलं, "सांग, काय झालं ते."

ती सांगायला लागली. अकरा वाजले, साडेअकरा झाले. बायकोने आतून जेवणाचं विचारलं, तिला मी हातानेच थांब म्हटलं.