दाजी, तेरावा गडी आणि केंतो शिमास

जपानी माणसाचा नकार नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस तोक्योतल्या अख्ख्या निशी-कसाईत एकच, आणि तो म्हणजे आमचे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सांगलीचे, गल्लीतल्या कबड्डीत दोन्ही गुडघे फोडून घेतलेले, आणि आता बरीच वर्षं इथल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारे. इथला माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. तो म्हणतो, 'केंतो शिमास', म्हणजे 'विचार करतो', आणि पुण्याहून नवीन आलेलं पोरगं आनंदाने साहेबाला मेल टाकतं की क्लायंट तयार आहे. अशा पोरांना दाजी रविवारी जेवायला बोलावतात आणि आमटी वाढता वाढता त्यांचे डोळे उघडतात. "लेका, केंतो शिमास म्हणजे मेलं ते. फुलं वाहा आणि घरी जा." माझं पहिलं घर बघायला ते बरोबर आले होते. घरमालकाने आम्हाला पाहिलं, मान वाकडी केली आणि दातांतून 'स्स्स' असा श्वास ओढला. मी अजून स्वयंपाकघरातले नळ सोडून बघत होतो. "चला पाव्हणं, घर गेलं," म्हणत दाजी बूट घालायलाही लागले होते. संध्याकाळी एजंटाचा फोन आला. घर गेलं होतं.

दाजींचं दुसरं वेड रग्बी लीग. नुसतं रग्बी म्हटलेलं त्यांना खपत नाही. सिडनीला ऑनसाइट असताना हा खेळ त्यांच्या अंगात शिरला तो निघालाच नाही. "पंधरा जणांची ती वेगळी, आमची तेराची. गड्याला पाडलं, तो उठला, टाचेने चेंडू मागे सारला, की पुन्हा चढाई. कबड्डीच आहे ही, फक्त दम घुमवायला नको." जपानात पंधराची रग्बी पोराटोरांनाही ठाऊक, तेराचीला मात्र कुणी विचारत नाही, त्यामुळे समजावून सांगायला दाजींना माणसं कधी कमी पडली नाहीत. एकदा कचऱ्याच्या जागेपाशी इमारतीच्या म्हाताऱ्या केअरटेकरसमोर त्यांनी प्लास्टिकच्या बाटल्यांचा संघ मांडला, काचेच्या दोन बाटल्या बाजूला काढल्या आणि "हे दोघे नकोतच," असं ठासून सांगितलं. म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वाकून म्हणाला, "काचेच्या कचऱ्याचा दिवस उद्या आहे."

आणि मग बातमी आली. भारताचा रग्बी लीग संघ प्रथमच परदेश दौऱ्यावर निघणार होता आणि तो जपानात येणार होता. दाजींना आभाळ ठेंगणं झालं. त्याला कारणही तसंच होतं. माझा भाचा नील इथेच वाढलेला, विशीतला, विद्यापीठाच्या संघातून पंधराची रग्बी खेळणारा. मराठी कळतं सगळं, पण उत्तर जपानीतून. पासपोर्ट मात्र अजून आपला. दाजींनी दौऱ्याच्या मॅनेजरांना गाठलं. ते निघाले पुण्याचेच. व्हिडिओ कॉलवर ते दिलखुलास हसले, तेव्हा मीही तिथेच होतो. "अहो, मुलगा खेळतो आणि विचारता काय? एक मॅच नक्की! आपलाच मुलगा आहे!" दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईकडे सत्यनारायण होता, तिथे हे भरल्या घरात ओरडले, "नील आमचा तेरावा!" बायकांच्या हातातला प्रसाद हातातच राहिला. "अहो, शुभ बोला जरा," ताई कळवळली. "गडी म्हणतोय मी, तेरावा गडी!" दाजींचं हसू काही आवरेना.

त्यानंतर मॅनेजरसाहेबांची कामं सुरू झाली. मैदानाचं बघाल ना? आराकावा नदीकाठचं मैदान मिळवायला दाजींनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. पोरांना कच्चे मासे जात नाहीत हो, जेवणाचं काही होईल? ताईने मसालेभाताची पातेली चढवली. स्टेशनवर घ्यायला याल? गेले. नीलच्या विद्यापीठाच्या संघाचा सामना नेमका भारत-जपान सामन्याच्याच रविवारी होता. तो कॅप्टनला सांगायला गेला, तर कॅप्टन 'सो का' एवढंच म्हणाला. म्हणजे 'असं होय'. नीलने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. घरमालकाचा श्वास ज्याला कळतो त्या माणसाला ते 'सो का' कळलं नसेल, असं मी मरेपर्यंत मानणार नाही. नीलची विद्यापीठाच्या संघातली जागा गेली होती. पण दाजी म्हणाले, "अरे, देशाकडून खेळायचंय, कॉलेजचं काय घेऊन बसलास?" नील मान हलवून बूट पुसायला बसला.

रविवारी नदीकाठी वारा असा होता की ताईला पातेल्यांवरची झाकणं धरून बसावं लागलं. नील सकाळपासून रेषेपाशी अंग मोकळं करत होता. जर्सी मागितल्यावर मॅनेजर म्हणाले, "जरा कमी आल्यात हो, पण देऊ की." मध्यंतरात म्हणाले, "सेकंड हाफला टाकतो त्याला." सेकंड हाफमध्ये एक गडी लंगडत बाहेर आला. नील उभा राहिला आणि त्याच्या शेजारून दुसराच कुणीतरी आत पळाला. दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटी शेवटी उतरवतील. ताज्या दमाचा गडी राखून ठेवतात." सामना संपला. आपण सडकून हरलो, त्याचं मला काडीचंही दुःख झालं नाही.

मसालेभातावर सगळे तुटून पडले. मग ऐतिहासिक दौरा म्हणून फोटो काढायचं ठरलं. तिरंगा धरून संघ उभा राहिला, आणि मॅनेजरसाहेबांनी आपला फोन दाजींच्या हातात दिला. "जरा काढता का? सगळे यायला हवेत हं." दाजींनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा शेजारी उभ्या नीलकडे. आणि काढला फोटो! एक नाही, तीन काढले. "दादा, थोडं डावीकडे," असंसुद्धा सांगितलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या माणसाला चार शब्द सुनवायला मी पुढे झालो, तर ताईने माझा हात धरला. जाताना साहेबांनी नीलच्या पाठीवर थाप मारली. "पुढच्या टूरला नक्की. आपलाच मुलगा आहे!" नीचपणासुद्धा इतक्या गोड तोंडाने करता येतो, हे मला परदेशात येऊन आपल्याच माणसाकडून शिकावं लागलं.

रिकामी पातेली सायकलींना बांधून आम्ही नदीच्या बांधावरून परत निघालो. दाजींनीच विषय काढला. "पुढच्या टूरला घेतील रे. स्वतःहून म्हणाले ते."

नील थांबला. जन्मभर बापाला जपानीतून उत्तर देणारा पोरगा हळू आवाजात चक्क मराठीत बोलला. "बाबा, ते केंतो शिमास होतं."

दाजी वाकले आणि सैल न झालेली पातेल्याची दोरी पुन्हा आवळत बसले.

त्यानंतर घरी पोरं जेवायला येतात, पण दाजी आता कुणाला काही शिकवत नाहीत. परवा एकाने विचारलं, क्लायंट केंतो शिमास म्हणालाय, काय समजू? दाजी म्हणाले, "भला माणूस आहे. निदान कळेल असं तरी सांगतो." नीलला त्याची जागा अजून परत मिळालेली नाही. तो संघाचे चेंडू गोळा करतो, म्हणजे ताई तसं म्हणते. तो स्वतः काही सांगत नाही.

आणि गेल्या आठवड्यात मॅनेजरसाहेबांचा मेसेज आला. पुन्हा येतोय, मैदानाचं बघाल ना? दाजींनी मला दाखवून उत्तर टाकलं, 'केंतो शिमास.' मी टाळीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात तिकडून आलंच. 'थँक्यू! आपलीच माणसं!' आम्ही दोघं पोट धरून हसलो, फार दिवसांनी.

शनिवारी मी दूध आणायला निघालो, तर दाजी सायकलवरून नदीकडे जाताना दिसले. कॅरिअरला चेंडू बांधलेला. मी हाक मारली, "दाजी, कुठे?"

ते ओशाळले. "काही नाही रे. मैदानावरचं गवत कापलंय का बघून येतो सहज." पायडलवर पाय ठेवला आणि मागे वळून म्हणाले, "पाव्हणं, नीलला सांगू नका."