तिच्या नावावर पळाले

पळण्यात मला मागं टाकणारी पोरगी आमच्या शाळेत नव्हती. हे मी फुशारकीनं सांगत नाही, त्या फुशारकीनंच माझं वाटोळं केलंय.

आमचं गाव उमरग्यापासून आत, हायवे सोडून. अण्णा ट्रकवर, आठ-आठ दिवस हैदराबादच्या वाटेवर. घरात आई, मी आणि धाकटी. मी नववीत, ती सातवीत, शाळा एकच. वर्षातून एकदा शाळेत शारीरिक क्षमता चाचणी व्हायची. उंची, वजन, खाली वाकल्यावर बोटं कुठवर पोचतात ते, आणि शेवटी सहाशे मीटर पळणं. सर मैदानावर फक्कीनं गोल आखायचे, पोरींच्या छातीवर नंबराचा कागद टाचायचे आणि आलेली वेळ मोबाइलात भरायचे. पुढं महिन्याभरानं प्रत्येकीला कार्ड मिळायचं.

आदल्या वर्षी धाकटी दुसऱ्या फेरीलाच मट्‌कन खाली बसली होती. तोंड पांढरंफटक, बोलायला येईना. पोरींनी तिचं नाव 'म्हातारी' ठेवलं. वर्षभर तेच चाललं, म्हातारे, काठी आणू का? पुन्हा चाचणी जवळ आली तशी ती रडायला लागली.

"अक्का, म्या शाळंला जातच न्हाय."

मला रडणारं माणूस बघवत नाही, डोकंच फिरतं माझं. म्हटलं, "गप बस. तुझं म्या पळते."

"सरांना कळंल की."

"सरांचं ध्यान समदं मोबाइलात असतंय. कळतंय कशाचं!"

झालंही तसंच. मी आधीच खुरटी, अंगानं दोघी सारख्याच, गणवेश एक, वेण्या एक. सातवीची पाळी आली तेव्हा पाण्याच्या टाकीमागं तिचा कागद काढला आणि माझ्या छातीवर टाचला. तिच्या वर्गातल्या पोरींना दिसत होतं, पण मी एकेकीकडं असे डोळे वटारले की ब्र काढायची कुणाची टाप झाली नाही. सरांनी मान वर न करता नंबर वाचला आणि शिट्टी मारली.

आता हळू पळायचं ना! तीन फेऱ्या रमतगमत मारल्या असत्या तरी कुणी हसलं नसतं. पण पुढं एक पोरगी दिसली आणि मला राहवलं नाही. जीव खाऊन पळाले, सगळ्यांना मागं टाकलं. दुसऱ्याच्या नावावरसुद्धा मला हरता आलं नाही. तासाभरानं नववीची पाळी आली तेव्हा माझे पाय भरून आले होते. माझ्या नावावर मी शेवटून तिसरी आले.

कार्डं आली. धाकटीच्या कार्डावर 'उत्तम', माझ्या कार्डावर 'सुधारणा आवश्यक'. पालकसभेत सरांनी आईला दोन्ही वाचून दाखवली. आई घरी येऊन मला म्हणाली, "धाकटीकडं बघून शीक जरा. तुझं नुसतं तोंड पळतंय." आम्ही दोघी तोंड लपवून फिदीफिदी हसलो. ते हसणं मला आता सोसत नाही.

आईनं धाकटीचं कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवलं आणि त्या दिवसापासून घरात पोरीचं काही चालेना. हापशावरनं घागर आणताना ती वाटेत टेकली की आई म्हणायची, "शाळंत वाऱ्यासारखी पळतीस, आन् घागर म्हटलं की कसा गं दम लागतो तुला?" आई नसली की मी तिची घागर घ्यायचे. खरं सांगावं म्हणून कितीदा तोंड उघडलं असेल, पण आईचा हात आठवायचा. व्हय, माराला भ्याले मी. डोळे वटारणारी मी, माराला भ्याले.

दिवाळीनंतर तिला ताप यायला लागला, गुडघे सुजले. अण्णा वाटेवर होते, म्हणून आई आणि मी तिला उमरग्याला एका दवाखान्यात घेऊन गेलो. ही गर्दी. डॉक्टरांनी विचारलं, "धाप लागते का हिला?" त्यांचा हात गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडं गेला होता. धाकटी माझ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात आईनं पिशवीतनं कार्ड काढून पुढं केलं.

"धाप कसली, साहेब! पळण्यात वर्गात पहिली हाय माझी पोरगी."

डॉक्टरांनी कार्ड वाचलं. "अरे वा, खेळाडू आहे की!" म्हणाले आणि स्टेथोस्कोपकडं गेलेला हात पेनाकडं वळला. वाढीचं वय आहे, गुडघे दुखतातच, असं म्हणून त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. मी तिथंच, हातभर अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही.

उन्हाळ्यात ती हापशावरच कोसळली. सोलापूरला नेली. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयाची झडप खराब झालीय, आजची नाही, बऱ्याच दिवसांची. वेळेवर आणली असती तर औषधांवर राहिली असती. "एवढे दिवस काय करत होता तुम्ही? पोरीला चालताना धाप लागत असणारच!"

आईनं पुन्हा तेच कार्ड काढलं. बाईंनी कार्ड बघितलं, मग खाटेवरच्या पोरीकडं बघितलं.

"बाळ, हे तुझंच आहे?"

नाकाला नळी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं.

"माझंच हाय," म्हणाली. तेवढं बोलतानाही दम लागला तिला.

चौथ्या दिवशी ती गेली. ऑपरेशनचं बोलणंही पुरतं झालं नव्हतं.

त्यानंतर मी कधी पळाले नाही. एसटी सुटली तरी पळत नाही. घरी कुणी आलं की आई पिशवी उघडते, कार्ड दाखवते, "लई पळायची माझी लेक," म्हणते आणि रडते. बायका हळहळतात. मी आत चहा टाकते.

आईला वाचता येत नाही. म्हणूनच हे लिहायची हिंमत झाली.