एडिनबरात ‘गेलो’ की ‘गेले’

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक जपानी कथा, तिचा मी केलेला मराठी अनुवाद आणि ईलिंगच्या मावसबहिणीने दिलेले मेथीचे पराठे होते. एडिनबराच्या विद्यापीठात आधुनिक जपानी लघुकथेतल्या निवेदनावर चर्चासत्र होतं. हे ऐकल्यावर समोरच्या बाई “हाउ लव्हली” म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. न्यूकॅसल गेल्यावर उजव्या हाताला समुद्र लागला. राखाडी, सपाट, कुणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा. मग मीही बाहेरच बघत बसले.

स्टेशनवर सुनंदा आली होती. आम्ही पुण्यात एका वर्गात होतो. तिचे यजमान डॉक्टर करमरकर तिथल्या इस्पितळात म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर. पाऊस आडवा पडत होता. माझी छत्री पहिल्याच वळणावर उलटी झाली. “इथे छत्री कुणी वापरत नाही,” सुनंदा म्हणाली. हे तिने पत्रात कळवलं नव्हतं.

माझा निबंध दुसऱ्या दिवशी झाला. मुद्दा साधा होता. जपानी कथेत ‘मी’ हा शब्द पानंच्या पानं येत नाही. वाक्य चालत राहतं, आणि पाहतंय कोण ते वाचकाने ओळखायचं. माझ्या पिशवीतल्या कथेत कुणीतरी आजारी आईकडे गावी पोचतं, तिला पेज भरवतं, आणि ती गेल्यावर खिडकी उघडून रडतं. बस, एवढंच. मराठीत मी लिहिलं होतं, “मी पोचलो. आईच्या उशाशी बसलो.”

मूळ लेखिका पहिल्या रांगेत होत्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या. चहाच्या वेळी मी त्यांना जपानीत विचारलं, “सांगणारा मुलगा आहे की मुलगी?”

“मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय केलंत?”

“मुलगा.”

“का?”

“आमच्या भाषेत काहीतरी ठरवावंच लागतं,” मी म्हटलं.

“अवघड भाषा आहे,” त्या सहानुभूतीने म्हणाल्या आणि त्यांनी शॉर्टब्रेड (लोण्याचं भुसभुशीत बिस्किट) उचललं.

रविवारी सकाळी सुनंदाने पोहे केले. पोहे लंडनजवळच्या स्लाऊच्या दुकानातून येतात, म्हणजे जवळजवळ माझ्याइतकाच प्रवास करून. तिला मी हा किस्सा सांगितला.

“अगं, मुलगा कसला?” ती म्हणाली. “आईला पेज भरवायला बसतं कोण? मुलगीच ना! तू स्वतः बाई असून असं लिहिलंस?”

तिची मुलगी मिनी इथेच जन्मलेली. “पण मावशी, व्हॉट्स द डिफरन्स? मी कधी ‘गेलो’ म्हणतो, कधी ‘गेले’ म्हणते. नोबडी डाइज.”

डॉक्टरांनी अनुवाद वाचायला मागितला. ओट्याला टेकून, उभ्या उभ्या त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

“अहो, पोहे गार होतायत,” सुनंदा म्हणाली.

“हो,” ते म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचू लागले.

दुपारी मला स्टेशनवर सोडायला तेच आले. गाडी उभी केल्यावर स्टिअरिंगवरचे हात त्यांनी काढले नाहीत.

“सुनंदाचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “सांगलीला आमच्या आईचं सगळं ताईनेच केलं. मी फोन करायचो. इथे माझ्या वॉर्डात इतरांच्या आया होत्या, त्यांच्या उशाशी मी असायचो. स्वतःच्या आईच्या वेळी तेराव्याला पोचलो.”

वायपर चालू होते.

“छापाल तेव्हा हवं ते करा. ही प्रत मात्र मला ठेवून घेऊ द्या. आणि हिच्यात काही खोडू नका.”

मी प्रत दिली. त्यांनी ती कोटाच्या आत घातली, माझी बॅग उचलली आणि प्लॅटफॉर्म कुठला ते विचारून आले.

परतीच्या गाडीत मी आधी भलत्याच माणसाच्या जागेवर बसले. तिथून उठवल्यावर दुसऱ्या जागेवर मूळ जपानी कथा उघडली आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पोचलो, बसलो, उठलो म्हटलं की मराठी लगेच बाई की पुरुष ते सांगून टाकते. पण पेज भरवली, अंथरूण बदललं, खिडकी उघडली, यातून काही कळत नाही. नुसतं काम करणारं माणूस मराठीत लपून राहू शकतं. मग एकेक वाक्य तसं बदलत गेले. शेवटच्या ओळीतलं रडणं राहिलं होतं. तिथे ‘रडू आलं’ लिहिलं. ते कुणालाही येतं.

पुण्यात कथा तशीच छापून आली. सांगणारा मुलगा आहे की मुलगी, हे मला अजून कुणी विचारलेलं नाही. बायका मुलगी समजून वाचतात, पुरुष मुलगा समजून. लेखिकाबाईंना यात काही वावगं वाटलं नसतं. एडिनबरातल्या एका घरात मात्र तो मुलगाच आहे, आणि आई जिवंत असताना पोचला आहे.