दारामागची भिंत

जुनी कापडं काचेत बसवून देणाऱ्या त्या माणसाच्या दुकानात आधी हात धुवावे लागत. भरजरी शेला आणणाऱ्यालाही तो म्हणे, “पावणं, नळ तिकडं हाय.” कापड तो कधी चिकटवत नसे. मागच्या सुती कापडावर बारीक टाक्यांनी टाचायचा आणि काचेला टेकू द्यायचा नाही.

सातवीत शाळा सोडून मी परभणीहून कोल्हापूरला फाउंड्रीत आलेलो. आई गेल्यावर तिच्या लुगड्याचा पदर तेवढा माझ्याकडे राहिला. तो त्याच्याकडे नेऊन आधी धुवून द्या म्हणालो, तर ओला कापूस कोपऱ्याला टेकवून तो म्हणाला, “रंग जातोय. मळ ऱ्हाऊ दे की, आईचाच हाय.”

फ्रेम झाली, पण देईना. “भिंत कंची?” म्हणत स्वतःच खोलीवर आला. एका भिंतीला ऊन, दुसरीला ओल. आता हा माणूस फ्रेम परत नेतो, असं वाटलं. शेवटी त्यानं दारामागं खिळा ठोकला.

“दार उघडं असलं की दिसणारच नाही हो,” मी म्हणालो.

“लावून आत बसलासा की दिसंल. आनि कुणाला दावायचंय?”

चहा न घेताच गेला. मी दार लावलं.