रेंजचा दगड

नाशिककडच्या पेठ गावाच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यावर मी शाळेत शिकवते. तिथं मोबाइलला रेंज मिळते ती एकाच ठिकाणी, टेकाडावरच्या एका सपाट दगडावर. त्या दगडाला लागूनच बाबांचं घर आहे. सगळा पाडा त्यांना बाबाच म्हणतो.

बाबा अंगणात टोपली विणत बसतात आणि प्रत्येकाचा फोन उघड उघड ऐकतात. ऐकून गप्प बसतील तर शपथ! कुणी द्राक्षबागेत कामाला गेलेल्या बायकोशी बोलत असला, की हे मधेच ओरडणार, "तिला सांग, शेळी व्याली!" जन्मभर समोरच्या डोंगराला हाळी दिलेला तो आवाज. फोन नसता तरी नाशिकपर्यंत पोचला असता. सुरुवातीला मला त्यांचा भयंकर राग यायचा.

एकदा मी आईला सांगत होते, "हो गं, दोन्ही वेळा व्यवस्थित जेवते." बाबांनी टोपली बाजूला ठेवली, उठून आले आणि माझ्या हातातून फोनच काढून घेतला.

"बाई, पोर खोटं बोलते. नुसती बिस्किटं खाते. पण तुमी फिकीर नका करू. आजपासून आमच्याकडं जेवंल."

त्या संध्याकाळी माझ्यापुढं नागलीची गरम भाकर आली. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

आता मी दगडावर चढून फोन लावते, तर आई माझं 'हॅलो'सुद्धा पुरतं ऐकत नाही.

"तू राहू दे," म्हणते, "बाबांना दे."