चिमटीएवढी जागा

तीन रविवार मी एकाच आलेख कागदाशी भांडतोय. सिंथेसायझर हे विजेवर चालणारं वाद्य विकत न आणता घरीच, एकेक भाग जोडत बांधायचा, हा माझा हट्ट. त्यातल्या पहिल्या भागाचा हा सर्किट बोर्ड. कागदावरची प्रत्येक रेघ म्हणजे उद्याची तांब्याची वाट. दोन वाटा एकमेकींवरून गेल्या की खेळ खलास. आणि शेवटची रेघ हटकून आडवी जाते! खोडून खोडून कागदाला भोक पडलं.

आज दुपारी ती रेघ एकदाची बसली. फिरवायची आठ बटणं, तीही तळहाताएवढ्या जागेत! मी मोठ्या तोऱ्यात बाबांना हाक मारली. बाबा जन्मभर पेटी वाजवत आलेले. त्यांनी रेघांकडे पाहिलंही नाही. बोटांची चिमटी करून एका बटणाच्या वर्तुळावर टेकवली, तर ती शेजारच्या दोन वर्तुळांवर पडली.

"हे फिरवायचं कसं रे?"

असा संताप आला! त्यांचा नव्हे, माझाच. या घराचं स्वयंपाकघरही मीच आखलं होतं. फ्रिज, ओटा, कपाट, सगळं इंचाइंचाने बसवलं; आता आत दोघं आले की एकाला बाहेर यावं लागतं. वस्तूंना आपण मोजून जागा देतो. माणूस काय, मावेल कुठेतरी.

मी नवा कागद ओढला.

"हात ठेवा इथे," चिडूनच म्हणालो, आणि पहिली रेघ त्यांच्या बोटांभोवती मारली.